दुकानाकडून उत्तर : 'ऐतिहासिक म्हणून प्रेमकथा गळ्यात मारली' या एक स्टारच्या रिव्ह्यूला

ताई, नमस्कार. कादंबरी तुम्हाला आवडली नाही आणि परत आणलीत तेव्हा काउंटरवरचा आमचा मुलगा तुटक बोलला, दोन्हीबद्दल माफी मागतो. त्याला समज दिली आहे.

खरं, 'फसवून विकली' हे फार लागलं. बिंदू चौकाजवळ वडिलांपासूनचं दुकान आहे. आता नवं गिऱ्हाईक आधी मोबाइलमध्ये बघतं आणि मग पायरी चढतं.

तुम्हीच म्हणाला होता, "काहीतरी ऐतिहासिक द्या, नुसत्या लढाया नकोत." मी उभ्याउभ्याच सांगितलं होतं, सरदारांची दोन घराणी आहेत, मुलगी करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या बाजूची, मुलगा साताऱ्याकडचा, निम्मं पुस्तक एकमेकांच्या जिवावर उठलेले असतात आणि मग जुळतं. मलपृष्ठावरही तेच छापलंय. तुम्ही हसून "चालेल की" म्हणालात.

भोसल्यांच्याच दोन गाद्या, त्यांच्यात कसलं वैर, ते ओढूनताणून आणलंय, असंही लिहिलंय. अहो, १७०७ ला खेडला शाहू महाराज, ज्यांची पुढं साताऱ्याची गादी झाली, आणि ताराराणी, ज्यांनी करवीरची गादी उभी केली, यांच्या फौजा भिडल्या. धनाजी जाधवांसारखा सेनापती तिथं शाहूंकडे गेला. मिटलं ते १७३१ ला, वारणेच्या तहात. मधली २४ वर्षं सरदारांच्या घरात काय वातावरण असेल? आपल्याकडं बांधावरून सख्ख्या भावांची डोकी फुटतात, इथं तर राज्य होतं. आणि 'कोल्हापूरची गोष्ट, पण राजवाड्याचा पत्ता नाही' म्हणता, तर गोष्ट १७३० ची आहे. तेव्हा करवीरची राजधानी पन्हाळ्यावर होती.

असो. लेखकाचं लेखक बघून घेईल. माझं म्हणणं पुस्तक परत न घेण्याबद्दल आहे.

पावतीच्या मागे लिहिलंय, तीन दिवसांत, न वाचलेलं पुस्तक बदलून मिळेल. तुम्ही आणलंत अकराव्या दिवशी, दुपारी दीडला, शटर अर्धं खाली असताना. एक ते चार आम्ही बंद असतो, पाटीवर आहे. तरी मुलानं जेवण सोडून शटर वर केलं, हे रिव्ह्यूत आलं नाही. पुस्तक उघडलं तर २८८ व्या पानाचा कोपरा दुमडलेला. तो त्या दोघांचा वारणाकाठचा प्रसंग. आणि त्याच पानावर तांबड्या रश्श्याचा थेंब. न आवडलेलं पुस्तक कुणी ताटाशी घेऊन बसत नाही, असं आपलं मला वाटतं. चूक असेन तर सोडून द्या. ३५० चं पुस्तक तुम्हाला ३१५ ला दिलं होतं. ते तुम्ही रागानं टेबलावर टाकून गेलात, अजून तिथंच आहे. आता ते कुणाला विकू?

प्रेमकथा असलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर काही चिठ्ठी वगैरे लावायचं मनात आहे. परतीच्या नियमाचंही बघतो.

तुमची छत्रीही त्या दिवशी इथंच राहिली आहे. चारनंतर कधीही या.

– दुकानमालक