हिंजवडीतून चाकणला, दहा टायरांवर

हिंजवडीच्या सिग्नलला रोज पाऊण तास क्लच दाबून बसणाऱ्या माणसाच्या मनात कधी ना कधी येतंच, की एवढं चालवायचंच आहे तर पगारही चालवण्याचाच का घेऊ नये? मग तो लॅपटॉप परत करून ट्रक हातात घ्यायच्या गोष्टी करू लागतो. मोकळा रस्ता, डोक्यावर बॉस नाही, ढाब्यावरची दाल! तिन्ही मिळतात, नाही असं नाही. फक्त रस्ता रात्री दोनला मोकळा असतो, बॉसच्या जागी जीपीएसकडे डोळे लावून बसलेला मालक असतो, आणि दाल गार झाल्यावर मिळते, कारण आधी टायर बघायचे असतात.

पहिली अडचण कागदांची. हेवीचं शिकाऊ लायसन्स काढायला वय वीस पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन किमान एक वर्ष झालेलं हवं. शिवाय डॉक्टरचा फॉर्म १-अ (तब्येतीचा दाखला) आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५ (शिकल्याचा दाखला). शिकाऊ मिळालं की तीस दिवस कळ काढायची आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्याची परीक्षा द्यायची. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली, त्यामुळे एम.टेक.वाल्यांनी मार्कशीट लॅमिनेट करून नेऊ नये, कोणी बघत नाही. घाई असेल त्याने टेम्पोपासून सुरुवात करावी, हे माझं मत. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल तर कारचं लायसन्स चालतं, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय.

लायसन्स आलं, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. गाडी मात्र हलत नाही. कारवाल्यांना इथे घाम फुटतो. दहा टायरच्या ट्रकला एअर ब्रेक असतात आणि पार्किंग ब्रेक मागच्या चाकांना स्प्रिंगने धरून ठेवलेला असतो. तो सुटायला हवा लागते. टाक्यांत पुरेशी हवा भरेपर्यंत बझर कोकलत राहतो. तेवढ्यात खाली उतरून कामं उरकायची. एअर टाक्यांच्या खालचा ड्रेन उघडून साचलेलं पाणी काढायचं, व्हील नट बघायचे, यूरियाची (धूर साफ करणाऱ्या द्रावणाची) टाकी बघायची (नव्या प्रदूषण नियमांच्या बीएस-६ गाडीत यूरिया संपला की इंजिन ताकद कमी करतं, आणि ते नेमकं घाटात कळतं). मागच्या जोड टायरांपैकी आतला दिसत नाही, म्हणून रॉडने ठोकून आवाज ऐकायचा. टणक वाजला तर ठीक, भद्द वाजला तर हवा गेलेली. आतला बसला की त्याचं सगळं वजन बाहेरच्यावर येतं, तो तापतो आणि फुटतो. दोन टायरांच्या मध्ये अडकलेला दगडही काढून टाका, नाहीतर तो सुटून मागच्या गाडीच्या काचेत जातो आणि ट्रकमागची सुविचारांची पाटी वाचणारा माणूस वेगळेच सुविचार ऐकवतो.

आता डावीकडे वळा. मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून येत नाहीत, ती आतून कापत येतात. म्हणून गाडी आधी थोडी उजवीकडे ठेवून उशिरा वळवायची. डाव्या बाजूला त्यामुळे जी फट पडते ती तुमच्या मागच्या चाकांसाठी असते, पण पुण्यातला प्रत्येक दुचाकीस्वार ती आपल्यासाठीच सोडली आहे असं समजून आत शिरतो. डावा आरसा त्याला दाखवत नाही. क्लीनर असेल तर तो दारावर थाप मारतो. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ही भाषा आधी ठरवून घ्या, प्रत्येक क्लीनरची वेगळी असते.

पण खरी परीक्षा आरटीओत नसतेच, ती साताऱ्याकडून येताना नव्या कात्रज बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतच्या उतारावर असते. उतार लांब आहे आणि इतका सौम्य, की गाडी आपोआप चालतेय असं वाटतं. इथे शहाणे लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. गंमत अशी, की गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला तर आजचं इंजिन डिझेल तोडतं, थेंबही जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते आयडलिंगला डिझेल पीत बसतं. म्हणजे वाचत काही नाही, उलट इंजिनचा ब्रेक जातो. मग अठ्ठावीस टन एकटा ब्रेक धरतो. ड्रम तापून फुगतात, लायनरची पकड सुटते, पाय पुनःपुन्हा मारला की हवाही उतरते. पुण्यातली सगळी वर्तमानपत्रं यापुढची गोष्ट ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढ्या तीन शब्दांत छापतात. ब्रेक बिचारे निकामी नसतात, तापलेले असतात. बोगद्यातून बाहेर पडतानाच गिअर खाली घ्या, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी मंद करणारा) लावा आणि पायाचा ब्रेक थोडा दाबून सोडून द्या. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

गाडी चाकणच्या कारखान्यात पोचली की काम संपलं असं वाटतं, खरं तर तिथे सुरू होतं. गेटवर टोकन, सेफ्टी शूज, हेल्मेट, चाकाला लावायचे ठोकळे. ई-वे बिलात (माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात) गाडी नंबरचा एक आकडा चुकला असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत बाहेर. बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस, आणि ती संपत आली की गेटवरची रांग आणखी हळू सरकते, असा माझा पक्का समज आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती दिली होती. गेटवरचे तास यात कुठे बसवायचे, हे ज्याने-त्याने ठरवावं. २०२५ पासून नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय खरा, पण नवख्याच्या हातात पडते ती गाडी हमखास त्याआधीची असते.

तेव्हा केबिनमध्ये सतरंजी, पाण्याचा कॅन, चार्जर, हमालीचे सुटे पैसे आणि बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) चार झेरॉक्स ठेवा. झेरॉक्सचं दुकान गेटपासून बरोबर दोन किलोमीटरवर असतं, आणि तिथे ट्रक लावायला जागा नसते.