‘पाळी गेली की हार्मोन नकोच’ : फॉरवर्डमधले दावे तपासू

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे : ‘पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या की स्तनाचा कॅन्सर होतो. हाडांना दूध, कॅल्शियम आणि चालणं पुरे. शंका असेल तर शिबिरात टाच तपासून घ्या.’ चाळिशीतच पिशवीबरोबर अंडाशयंही काढलेल्या बाईने हे मनावर घेतलं, तर सगळ्यांत जास्त नुकसान तिचंच.

‘कॅन्सर होतो.’ ही धास्ती २००२ साली मध्येच थांबवलेल्या अमेरिकी चाचणीपासूनची. तिच्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध अशी दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वर्षाला दर १०,००० मागे ३० ऐवजी ३८ जणींना झाला. धोका खरा आहे, पण ‘घेतल्या की होतो’ एवढा नाही. खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण त्याच चाचणीत सुमारे एक तृतीयांशाने घटलं. ते फॉरवर्डमध्ये नाही. पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. पक्षाघात मात्र दोन्हीकडे वाढला.

म्हणून आधी वय बघायचं : साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत. मग पिशवी. ती असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर जाड होऊन पिशवीचा कॅन्सर होऊ शकतो. गडबड इथेच होते : गुंगी येते म्हणून प्रोजेस्टेरॉन सोडलं जातं आणि इस्ट्रोजेनची गोळी चालू राहते. ते झोपताना घ्यावं. त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल यकृतातून आधी जात नसल्याने रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी धरतात. स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अटॅक होऊन गेलेला असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हा विषय तिथेच संपतो.

‘दूध-कॅल्शियम पुरे.’ दिवसाला १,०००–१,२०० मिलिग्रॅम हवंच. २०० मिली दुधात साधारण २४० मिळतं, नाचणीची भाकरी भर घालते. पण इस्ट्रोजेन घटलं की हाड झिजवणाऱ्या पेशी जोर धरतात, त्यांना कॅल्शियम आवरत नाही. तळजाई टेकडीवरचं चालणं हृदयाला उत्तम, मणक्याला तोकडं. वजन उचलायचे व्यायाम आणि तोल सांभाळायचा सराव हवा.

‘टाच तपासा.’ शिबिरातलं मशीन अंदाज देतं, निदान नाही. निदानाला खुबा आणि कंबरेच्या मणक्याचा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे लागतो. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पुढची तपासणी त्याच मशीनवर करावी, नाहीतर तुलनाच चुकते. म्हातारपणी मणक्यांच्या झिजेमुळे तिथला आकडा फसवा चांगला दिसतो. तेव्हा खुब्याचा आकडा धरावा.

आता उलट टोक : ‘हाडांसाठी सगळ्यांनीच हार्मोन घ्यावं.’ तेही चूक. चाळिशीच्या आत पाळी गेली, तर साधारण पन्नाशीपर्यंत ते द्यायला सबळ कारण आहे. पंचावन्नाव्या वर्षी अंगातून वाफा निघत असतील आणि हाडंही उतरत असतील, तर विचार करण्याजोगं. अडुसष्टाव्या वर्षी मणका दबल्यावर नव्याने सुरू करू नये. तिथे अ‍ॅलेंड्रोनेटसारखी हाडांची झीज रोखणारी औषधं. शिवाय हार्मोन थांबवलं की झीज पुन्हा सुरू होते, त्यामुळे पुढचं औषध आधीच ठरवावं. अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका पोळते. आणि तेवढा वेळ चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी अंगी लागत नाही.