ओळखीच्या शब्दांची अर्धवट ओळख

इंग्रजी वाचता येते, समोरचा माणूस सावकाश बोलला तर बहुतेक समजतेही, पण स्वतः बोलायची वेळ आली की दुसऱ्या-तिसऱ्या शब्दापाशी वाक्य अडते, अशा टप्प्यावर आपल्याकडचे असंख्य तरुण येऊन थांबलेले आहेत. मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले, म्हणजे त्यानंतर पहिलीत गेलेल्या मुलाने दहावीपर्यंत ही भाषा दहा वर्षे अभ्यासलेली असते. त्याला इंग्रजी येत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला ती मधल्या पातळीपर्यंत येते, आणि तिथून पुढे कसे जायचे हे त्याला कोणी नीट सांगत नाही.

जे सांगितले जाते ते असे की शब्दसंग्रह वाढवा. मग रोज पाच अवघड शब्द, त्यांचे समानार्थी, त्यांचे विरुद्धार्थी अशा याद्या मोबाइलवर येऊ लागतात, स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत त्या पाठ करून घेतल्या जातात, आणि ‘लोक्वेशस’ म्हणजे बडबड्या हे सांगू शकणाऱ्या मुलाला ‘मी ते उद्यावर ढकलले’ हे साधे वाक्य इंग्रजीत म्हणता येत नाही. त्यासाठी लागणारे ‘पुट’ आणि ‘ऑफ’ हे दोन्ही शब्द तो प्राथमिक शाळेतच शिकलेला असतो. इंग्रजी शिकवताना मला हे इतक्या वेळा दिसते की माझे मत आता पक्के झाले आहे. मधल्या पातळीवरच्या विद्यार्थ्याने काही काळ नवे शब्द बाजूला ठेवून पहिल्या दोन हजार शब्दांकडे परत यावे, कारण त्याची त्या शब्दांशी ओळख झालेली असली तरी ती फार वरवरची असते.

हे पहिले दोन हजार शब्द कोणते, यावर गेल्या शतकात बरेच काम झाले आहे, आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या कामाची मुळे आपल्याच उपखंडात आहेत. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ तेव्हाच्या बंगालमध्ये, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात काम करत होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना नेमके कुठे अडते याचा अभ्यास करून त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली क्रमिक वाचनमाला तयार केली, आणि पुढे १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी प्रकाशित झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द एवढ्या यादीत सापडतात. २०१३ साली चार्ल्स ब्राउन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने २७ कोटींहून अधिक शब्दांचा मजकूर तपासून हीच यादी नव्याने बांधली. तिच्यात सुमारे २८०० शब्द आहेत आणि त्यांनी सर्वसाधारण मजकुराचा ९० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला जातो.

पण वेस्ट यांच्या यादीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आकड्यांच्या गर्दीत बहुधा मागे पडते. त्यांनी शब्द नुसते एकाखाली एक लिहिले नाहीत. एका शब्दाचे अर्थ किती आणि प्रत्यक्ष वापरात त्यांतला कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो, हेही त्यांनी शब्दाशब्दापुढे नोंदवले. म्हणजे शब्द ‘येणे’ ही हो किंवा नाही अशी गोष्ट नाही, एकाच शब्दाचा काही भाग आपल्याला येतो आणि काही येत नाही, हे त्या यादीच्या रचनेतच धरलेले होते. आपण मात्र याद्या घेतल्या आणि अर्थांची ती नोंद सोडून दिली.

सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषाअभ्यासकांनी १९३० साली मांडलेल्या ‘बेसिक इंग्लिश’ची, म्हणजे मोजक्या शब्दांच्या सोप्या इंग्रजीची, गोष्ट या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी अवघ्या ८५० शब्दांत सगळा व्यवहार बसवला आणि क्रियापदे तर फक्त १८ ठेवली. कम, गेट, गिव्ह, गो, कीप, लेट, मेक, पुट, टेक अशी ती रोजची क्रियापदे होती. कल्पना आकर्षक होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चर्चिल यांनीही तिची पाठराखण केली. अडचण अशी झाली की ‘सहन करणे’ यासाठीचे स्वतंत्र क्रियापद गाळले की त्याच्या जागी ‘पुट अप विथ’ म्हणावे लागते, आणि हे तीन शब्द सुटे सुटे माहीत असणाऱ्याला त्यांच्या एकत्र येण्यातून तो अर्थ मुळीच कळत नाही. यादी लहान झाली, पण शिकायच्या गोष्टी तेवढ्याच राहिल्या. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या संपादकांना एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे सहाशेहून अधिक अर्थ नोंदवावे लागले, यावरून छोट्या शब्दांच्या पोटात केवढा पसारा असतो याचा अंदाज यावा.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपले ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, डोळा लागतो, नाट लागतो, पुण्याला जायला चार तास लागतात, मूल रडू लागते आणि एखाद्याचे बोलणे मनाला लागते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ‘लागणे’ या शब्दापुढे एकच अर्थ लिहून तो शब्द झाला म्हणून खूण केली, तर त्याला आपले रोजचे बोलणे कधीच कळणार नाही, आणि तो आपले जाडजूड संस्कृत शब्द पाठ करत बसला तर आपणच त्याला थांबवू. ‘गेट’ किंवा ‘टेक’ यांच्या बाबतीत आपण नेमके तेच करतो. ‘टेक’ म्हणजे घेणे एवढे शिकून आपण पुढे जातो, आणि मग विमानाचे ‘टेक ऑफ’, नवे काम ‘टेक ऑन’ करणे, मुलगी आईच्या वळणावर गेली यासाठीचे ‘टेक आफ्टर’ हे सगळे कानावरून निघून जाते.

माझ्याकडे येणाऱ्यांत परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या आणि परदेशात नोकरीची तयारी करणाऱ्या मुली असतात. रोगांची आणि अवयवांची लॅटिन-ग्रीक मुळांची नावे त्यांना अचूक येतात, कारण ती पाठ्यपुस्तकात असतात. रुग्ण मात्र पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलत नाही. तो ‘थ्रो अप’ म्हणतो तेव्हा त्याला उलटी झालेली असते, ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे, ‘कम राउंड’ म्हणजे पुन्हा शुद्धीवर येणे, आणि ‘पास अवे’ म्हणजे मृत्यू. ‘पास आउट’ आणि ‘पास अवे’ यांत फरक फक्त एका छोट्या शब्दाचा आहे, पण नातेवाइकांशी बोलताना किंवा पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला माहिती देताना तो चुकला तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. त्यात आपल्याकडे ‘पास आउट’ हे पदवी घेऊन बाहेर पडणे या अर्थी सर्रास वापरले जाते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. हे शब्द अवघड म्हणून मागे राहिलेले नाहीत. ते सोपे वाटले म्हणून कोणी शिकवलेच नाहीत.

अडचणीचा दुसरा मोठा भाग असा की मराठी आणि इंग्रजी या भाषा शब्दांत अर्थांची वाटणी वेगवेगळी करतात. मराठीत सिनेमा बघतो, इकडे बघ म्हणतो, काल त्याला बाजारात बघितला म्हणतो, तर इंग्रजीत याच तीन जागी वॉच, लुक आणि सी अशी तीन क्रियापदे येतात. आपले ‘पासून’ सोमवारपासूनही चालते आणि दोन वर्षांपासूनही, इंग्रजीत मात्र पहिल्या ठिकाणी ‘सिन्स’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘फॉर’ हवे. उसने घेणे आणि उसने देणे यांत आपण फक्त शेवटचे क्रियापद बदलतो, त्यामुळे ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांची अदलाबदल वर्षानुवर्षे होत राहते. हे सगळे शब्द कोणत्याही मूलभूत यादीच्या पहिल्या काही पानांवर असतात आणि मधल्या पातळीवरच्या विद्यार्थ्याच्या बहुतेक चुका त्यांच्यातच सापडतात. मराठीतून आलेल्या मुलासाठी इंग्रजीचे पाठ वेगळे लिहिले पाहिजेत, सगळ्या जगासाठी छापलेले एकच पुस्तक पुरणार नाही, हा माझा आग्रह याच कारणासाठी आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. दोन-तीन हजार शब्दांवर इंग्रजी वृत्तपत्र किंवा कादंबरी सहज वाचता येत नाही. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशेबानुसार मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत असे वाटत असेल, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे मिळून होणारे गट, यावी लागतात. महाविद्यालयात जाणाऱ्याला ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तयार केलेली ५७० शब्दकुटुंबांची शैक्षणिक यादीही उपयोगी पडते. म्हणून नवे शब्द कधीच शिकू नका असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे क्रमाचे आहे. नवे शब्द वाचनातून, त्यांच्या शेजारच्या शब्दांसह आले पाहिजेत, आणि वाचन सुरू राहण्यासाठी आधी पायाचे शब्द सगळ्या अंगांनी यायला हवेत.

त्यासाठी मी विद्यार्थ्यांना आठवड्याला एकच क्रियापद देते. ‘टेक ऑफ’सारख्या त्याच्या पाच-सहा जोड्या, आणि प्रत्येक जोडीचे स्वतःच्या दिवसातले खरे वाक्य. बस चुकली, गॅस संपला, शेजारणीशी पटत नाही, असे काहीही चालते. पुस्तकातले वाक्य चालत नाही. ‘गेट’ला मात्र दोन-तीन आठवडेही द्यावे लागतात. चहा कडक असतो आणि पाऊस मुसळधार असतो हे मराठीत आपल्याला कोणी शिकवले नाही, तसे इंग्रजीत चहा ‘स्ट्रॉंग’ आणि पाऊस ‘हेवी’ असतो हे सुटे न शिकता जोडीनेच शिकावे. ऐकण्यासाठी ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी नभोवाणीने १९५९ साली सुमारे दीड हजार शब्दांत आणि संथ गतीने बातम्या सांगण्याची जी पद्धत सुरू केली, त्या धर्तीचे कार्यक्रम फार उपयोगी आहेत.

आणि शब्दकोश इंग्रजी-इंग्रजी असावा, तोही शिकणाऱ्यांसाठी केलेला. लाँगमनचा असा कोश १९७८ साली आला तेव्हा त्यातल्या सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार शब्दांतच लिहिलेल्या होत्या, म्हणजे अनोळखी शब्द शोधतानाही वाचणाऱ्याची पायाच्या शब्दांची उजळणी होत राहते. अशा कोशाच्या चार-पाच प्रती मराठी माध्यमाच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत, कुलूपबंद कपाटात न ठेवता आठवी ते दहावीच्या वर्गांत बाकांवर ठेवाव्यात, आणि आठवड्यातला इंग्रजीचा एक तास मुलांनी तो कोश उघडून एका साध्या क्रियापदामागे लागण्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी शिक्षकांना आणि शाळा चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.