हवा खाऊन वाढलेले झाड

नववीला प्रकाशसंश्लेषण शिकवायचे म्हणजे पानाचा तो प्रसिद्ध प्रयोग करणे आले. कुंडीतले झाड दोन दिवस अंधारात ठेवावे, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून ते उन्हात आणावे, नंतर ते पान तोडून आधी पाण्यात व मग स्पिरिटमध्ये उकळावे आणि त्यावर आयोडीन टाकावे, म्हणजे उघडा भाग तिथे तयार झालेल्या स्टार्चमुळे निळाकाळा होतो व झाकलेला होत नाही. पुस्तकात हे सारे सहा ओळींत उरकते. मला सहा दिवस लागले.

जास्वंदीची कुंडी मी नकाशांच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर कोवळे ऊन घेताना आढळली. “कोमेजून चाललं होतं हो, सर. तांब्याभर पाणीपण घातलं,” शिपाईमामा म्हणाले. पानात आधीपासून साठलेला स्टार्च झाडाने अंधारात वापरून संपवावा, म्हणजे नंतर सापडेल तो उन्हातच तयार झाला असे छातीठोकपणे सांगता येते, हे मी त्यांना समजावून दिले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, “म्हणजे उपाशी ठेवायचं?” रोज दुपारी मुलांना पोटभर खिचडी वाढणाऱ्या माणसाला यावर काय उत्तर द्यावे, ते मला सुचले नाही. दुसऱ्या खेपेस मी खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली.

प्रयोगशाळेतल्या आयोडीनच्या बाटलीत केवळ आयोडीनची आठवण शिल्लक होती, म्हणून मी औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणायला गेलो. “कुणाला लागलं, सर?” दुकानदाराने काळजीने विचारले. “पानाला हवंय,” असे मी उत्तर दिल्यावर त्याने बाटली दिली खरी, पण माझ्याकडे जरा वेळ बघून.

प्रयोगाच्या दिवशी मुख्याध्यापक पाठ निरीक्षणासाठी लॉगबुक घेऊन शेवटच्या बाकावर बसले होते. स्पिरिट थेट ज्योतीवर धरले तर पेट घेते, म्हणून मी परीक्षानळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात उभी केली. हळूहळू स्पिरिट हिरवे झाले आणि पान उकडलेल्या कोबीच्या पापुद्र्यासारखे फिके पडले. शेहेचाळीस माना पुढे आल्या. मी आयोडीन टाकले आणि पान या टोकापासून त्या टोकापर्यंत निळेकाळे झाले. पट्टीचा मागमूसही दिसेना. चौकशीअंती वर्गप्रतिनिधीने कबूल केले, “खाली काय चाललंय ते बघायला रोज मधल्या सुट्टीत पट्टी काढून ठेवत होतो, सर. तास सुरू झाला की परत लावायचो.”

मुख्याध्यापक लिहू लागले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका उत्साही विद्यार्थ्याने उरलेले आयोडीन डब्यातल्या भाकरीवर टाकले आणि तो ओरडला, “सर, भाकरीत प्रकाशसंश्लेषण झालं!” वर्ग खो खो हसला. मी रागावण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले, कारण पोरगा चुकला म्हणावे तर ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च तिच्या पानांनीच उन्हात बसून कमावलेल्या साखरेचा असतो. माझ्या सहा दिवसांच्या खटाटोपातून जे सिद्ध झाले नाही, ते त्याने एका थेंबात करून दाखवले होते.

खरी पंचाईत याच्या पुढची आहे. झाडाचे लाकूड कशाचे बनते, असे विचारले की वर्ग एकमुखाने “मातीचं!” म्हणतो. मग मी ब्रसेल्सच्या व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगतो. त्याने सुमारे ९१ किलो माती तोलून घेतली, तीत विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. रोपाचे वजन सव्वादोन किलोंवरून ७७ किलोंच्या घरात गेले आणि माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचे बनते. ‘गॅस’ हा शब्द ज्याने घडवला आणि कोळसा जाळल्यावर निघणारा वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, ज्याने वेगळा ओळखला, त्याच माणसाला तो वायूच आपल्या झाडात जाऊन बसला आहे हे कळले नाही, तर माझ्या नववी ‘ब’ ने काय घोडे मारले?

“म्हणजे झाड हवा खाऊन वाढतं?” पहिल्या बाकावरून प्रश्न आला. मी होकार दिला. आमच्या गावात हवा खायला माणसे टेकडीवर जातात, क्वचित तुरुंगातही जातात, पण त्याने कोणाचे वजन वाढल्याचे ऐकिवात नाही. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम ०.०४ टक्के, म्हणजे दहा हजार वऱ्हाडी जमवावेत आणि त्यांतल्या चौघांनीच आहेर करावा, तसा प्रकार. तेवढ्या आहेरावर वडाचा पार उभा राहतो, हे सांगताना माझाही आवाज किंचित खाली येतो. माझ्या स्वतःच्या शाळेच्या वहीत हाच आकडा ०.०३ होता. मधल्या काळात आपण जाळलेल्या कोळशापेट्रोलाने तो वाढवला. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ पासून त्याची मोजदाद ठेवलेली आहे.

कार्बन चक्राच्या तासाला फळ्यावर बाणांचे जाळे काढून मी म्हणालो, की आपण सोडलेला कार्बन ज्वारी घेते आणि ज्वारीतला आपण घेतो. हे ऐकून एका मुलीचा चेहरा कसनुसा झाला. “म्हणजे भाकरी कुणाच्या तरी उष्ट्या श्वासाची?” मी म्हणालो, “कुणाच्या तरी नाही, सगळ्यांच्या. म्हशीच्यासुद्धा.” तिने विनंती केली, “आजीला सांगू नका, सर. ती सोवळ्यात असते.”

घटक चाचणीत मी मुद्दाम प्रश्न घातला, ‘कडुनिंबाचे लाकूड मुख्यतः कशापासून तयार होते?’ चाळीस जणांनी माती लिहिले, तिघांनी शेणखत, दोघांनी जागा कोरी सोडली. उरलेल्या एकाच उत्तरपत्रिकेवर नीटस अक्षरात, खाली पट्टीने रेघ ओढून, लिहिले होते, “आमच्या सरांच्या मते, हवेपासून.”