दोरीच्या अलीकडचे बापलेक

ख्रिसमसच्या तोंडावर फ्लोरिडात ऑरलँडोला पीएनसी चॅम्पियनशिप ही गोल्फची स्पर्धा भरते. तुम्ही टॅम्पाचे रहिवासी असाल, आयटीत असाल, घरात एक वयात येऊ घातलेला मुलगा आणि गॅरेजात सेलमध्ये घेतलेला गोल्फचा अर्धा संच असेल, तर ही स्पर्धा चुकवू नका. गाडीनं जेमतेम दीड तास. भारतातून आईबाबा आलेले असतील तर त्यांनाही घ्या. डिस्ने बघून झालेलं असतं आणि परतीच्या तिकिटाला अजून दोन महिने असतात.

आधी थोडी तयारी. ‘मेजर’ म्हणवणाऱ्या गोल्फच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी किंवा प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकलेले वीस गोल्फपटू इथे घरातलं एकेक माणूस घेऊन उतरतात आणि दोन दिवसांत ३६ होल खेळतात. १९९५ साली सुरू झाली तेव्हा ही फक्त बापलेकांची स्पर्धा होती. पुढे मुली आल्या, नातू आले, आईबरोबर मुलगाही आला. बबा वॉटसन तर २०२०मध्ये सासऱ्यांना घेऊन आला होता. सासऱ्यांचा फटका झाडीत गेल्यावर जावयानं चेहरा कसा ठेवायचा, हे बघण्यासाठीसुद्धा तिकीट काढायला हरकत नाही.

मैदानावर पोचल्यावर वीसपैकी एकोणीस जोड्यांकडे पाठ फिरवा. नेली कोर्डा वडिलांबरोबर खेळत असेल. हे पेत्र कोर्डा म्हणजे १९९८ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलेले टेनिसपटू. इथे मात्र ते ‘नेलीचे बाबा’. मुलीच्या नावानं ओळखला जाणारा बाप बघून तुमची तब्येत बिघडण्याचा संभव आहे, तेव्हा पुढे चला. बर्नहार्ड लँगर नावाचे एक जर्मन गृहस्थ कोपऱ्यात शांतपणे चेंडू होलमध्ये घालत असतील. तेही सोडा. गर्दी जिकडे पळतेय तिकडे पळा. टायगर वुड्स आणि त्याचा मुलगा चार्ली खेळत असतील, तर तिथेच असतात.

दिसणार काहीच नाही. दिसतील पुढच्या माणसाची टोपी आणि त्याच्या वर धरलेला फोन. तुम्हीही फोन वर धरा. रविवार असेल तर दोघांच्या अंगात लाल शर्ट असतो, तेवढा लाल ठिपका आला की पुरे. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो कुणी मोठा करून बघत नाही.

मार्शलनं हात वर केला की गप्प बसायचं असतं. हजारो माणसं एकदम श्वास रोखतात. आईनं पिशवीतून चकली काढायची हीच वेळ. गेटावर ती पकडली गेली नसेल तर चकली झकास झाल्याचं आता सगळ्या होलला कळेल. बाबा नेमके तेव्हाच विचारतील, “उणे अठ्ठावीस म्हणजे हा मागे पडलाय का?” त्यांना सांगा, ठरलेल्यापेक्षा जितके फटके कमी लागले तितकं उणे, म्हणून इथे उणे असणं चांगलं. ते तुमच्याकडे बघतील. जन्मभर बँकेत नोकरी केलेल्या माणसाला असं काही सांगायचं नसतं.

आता मुलाकडे वळा. त्याला इथवर आणलंय ते कशाला? चार्लीकडे बोट दाखवा आणि म्हणा, “बघ, अकरा वर्षांचा असताना पहिल्यांदा खेळला हा इथे.” त्याचा बाप कोण आहे, हा तपशील गाळा. ‘खाण तशी माती’ ही म्हण तर अजिबात काढू नका, मुलगा खाणीकडे बघेल. २०२१मध्ये या दोघांनी सलग ११ बर्डी मारल्या, म्हणजे अकरा होल ठरल्यापेक्षा एकेक फटका कमी, हे सांगा. तो विचारेल, “मग जिंकले?” नाही, जॉन डेली आणि त्याचा मुलगा जिंकला. २०२४मध्ये चार्लीनं चौथ्या होलवर एका फटक्यात चेंडू आत घातला, आयुष्यात पहिल्यांदा. “मग तेव्हा जिंकले?” तेव्हाही नाही. उणे अठ्ठावीसवर बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये मघाशी कोपऱ्यात सोडून आलेल्या त्या लँगरनी ईगल मारून, म्हणजे ठरल्यापेक्षा दोन फटके कमी घेऊन, मुलासह करंडक नेला. वय वर्षं ६७. इथे बाबांचा चेहरा उजळेल. त्यांना उगाच प्रोत्साहन देऊ नका.

एका गोष्टीकडे मात्र मुलाचं लक्ष जाऊ देऊ नका. या खेळाची पद्धत स्क्रॅम्बलची आहे. दोघं फटका मारतात, ज्याचा चांगला पडला तिथून दोघंही पुढचा मारतात. वाईट पडलेला चेंडू उचलून खिशात टाकायचा, बस्स. कुणी विचारत नाही तो कुणाचा होता. मुलगा पाण्यात मारतो, बाप पुढे जाऊन आपला मारतो. बापाचा पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका, चुकतो, मुलगा घालतो आणि बाप त्याला खांद्यानं ढकलतो. पाण्यात का गेला, काल रात्री किती वाजता झोपला होतास, कोचला आपण किती पैसे देतो, यातलं एक अक्षर नाही. अठरा होल हेच. बघवत नाही. आपल्याकडे सहावीतल्या गणिताचा चेंडू अजून दर रविवारी पुण्याच्या व्हिडिओ कॉलवर खेळला जातो, आणि इथे ही माणसं दहा पावलांत विसरतात! अशानं मुलं घडतात होय?

तेव्हा असा क्षण आला की मुलाला आइस्क्रीमच्या रांगेत पाठवा.

परतीच्या वाटेवर गाडीत तो म्हणेल, “आपणही जाऊ या ना कधी, दोघं.” जा. पुढच्याच शनिवारी जवळच्या सार्वजनिक मैदानावर न्या. त्याचा पहिला चेंडू तळ्यात जाईल. तुमचाही जाईल, पण तो वाऱ्यामुळे. चेंडू तीन डॉलरचा होता हे त्याला तिथल्या तिथे सांगा. उशीर केलात तर तो हसायला लागेल.