फुकट कुत्रं देतेय म्हणून काहीच विचारू नको का?

चिंगीला घर पाहिजे अशी पोस्ट टाकून आज तेरा दिवस झाले. सोळा फोन आले आणि मी अजून कुणालाच दिली नाही, म्हणून काही ओळखीचेच लोक चिडलेत माझ्यावर. एक दादा तर म्हणाले, ताई तुम्ही कुत्रं द्यायलात का पोरगी?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुलैत वसमत रोडच्या कडेला नालीत पडलेली सापडली होती ही, मागचा पाय मोडलेला, अंगावर गोचीडच गोचीड. इथं परभणीत व्हेटर्नरी कॉलेज आहे हे आपलं नशीब, तिथं नेलं, प्लास्टर झालं, मग गोचीड तापाच्या २८ दिवस गोळ्या, रोज भाकरीत लपवून. सासूबाई आधी म्हणायच्या घरात नको, नंतर त्याच गोळीची वेळ झाली की मला हाक मारायच्या. आता पाय बरा आहे, थोडी लंगडते पळताना. रेबीजची लस झाली, नसबंदीचं ऑपरेशन पण झालं.

आणि एकदा दिली होती मी तिला. चांगले लोक होते, मी घाईत दिली, काही विचारलं नाही, काही सांगितलं पण नाही. चौथ्या दिवशी परत आणून सोडली, का तर जेवत नाही, कॉटखालून बाहेरच येत नाही. अहो, चार दिवसात कसं येईल? नवीन घरात पहिले तीन दिवस कुत्रं नुसतं घाबरलेलं असतं, तीन आठवड्यांत घरातल्या वेळा कळायला लागतात, आणि हे घर आपलं आहे हे कळायला तीनेक महिने तरी जातात. हे मी त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं, ती चूक माझी. पण भोगलं तिनं. परत आल्यावर आठवडाभर गेट वाजलं की कॉटखाली जाऊन बसायची.

म्हणून मी विचारते. घर स्वतःचं का किरायाचं, किरायाचं असेल तर मालकाला विचारलं का, घरातल्या सगळ्यांना चालतंय का, दिवसभर कोण असतं, लग्नाला गावाला गेलात तर हिला कोण बघणार. दरवर्षी रेबीजची लस चुकवायची नाही, हे तर सगळ्यात आधी. कारण तो रोग एकदा दिसायला लागला की ना कुत्रं वाचतं ना माणूस.

तिघांना शेतातल्या आखाड्यावर राखणीला पाहिजे होती. आखाड्याला माझा विरोध नाही, तिथं माणूस राहत असेल तर कुत्रं सुखातच असतं. पण सालगडी संध्याकाळी घरी जाणार आणि ही मे महिन्यात पत्र्याखाली साखळीला, तेही पाणी कुणी भरलं तर भरलं? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही ओ, धापा टाकूनच अंग थंड करतं ते, आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला मी काय सांगू.

बाकीच्यांचं एकच, मादी नको. का नको? पिल्लांची भीती असेल तर ऑपरेशन झालंय. आणि "गावठी आहे का" म्हणून फोन ठेवणाऱ्यांना काय बोलावं. आपल्या हवेत टिकणारं, आपल्या भाकरीवर वाढलेलं कुत्रं हेच आहे, हजारो रुपये देऊन आणलेलं जाड केसाचं कुत्रं इथं उन्हाळाभर फरशीला पोट लावून पडतं ते बघवत नाही मला.

कुणी म्हणतं एवढं आहे तर ठेवून घे ना. ठेवली असती. घरात आधीच दोन कुत्री आहेत आणि त्यातली म्हातारी हिला जेवू देत नाही, रोज भांडणं.

एक रिटायर्ड गुरुजी आणि त्यांच्या मिसेस मात्र दोनदा येऊन गेलेत. दुसऱ्या वेळी गुरुजी खुर्ची सोडून खाली फरशीवर बसले, बोलवलं नाही, हात लावला नाही, पेपर वाचत बसले अर्धा तास. चिंगी कॉटखालून आली आणि त्यांच्या चपलेचा वास घेऊन तिथंच बसली. रविवारी परत येणारेत. तोपर्यंत प्लीज "दिली का, दिली का" विचारू नका.