ऑपरेटर कच्चा की शॉप कच्चं?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये कुठल्याही छोट्या मशीन शॉपमध्ये, म्हणजे धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, चहाला बसा, मालकाचं एकच रडगाणं: चांगली पोरं मिळत नाहीत. निम्मं खरंय. उरलेलं निम्मं मशीनजवळ घड्याळ घेऊन उभं राहिलं की कळतं.

शिफ्ट 480 मिनिटांची, जेवण-चहाची 40 वजा, राहिली 440. सीएनसी लेथवर (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं कातकामाचं मशीन) एका नगाला 2 मिनिटं धरली तर 220 नग पडायला पाहिजेत. पण वेगळा नग घ्यायला दोनदा सेटिंग बदललं, दर खेपेला 70 मिनिटं गेली. इन्सर्टसाठी (टूलचं बदलायचं पातं) स्टोअरला, गेजसाठी (माप तपासायचं साधन) क्वालिटीला चकरा, त्यात आणखी 40. हाती 260 मिनिटं, म्हणजे 130 नग. अन् इकडे नव्या मशीनच्या कर्जाची फाईल बँकेत!

त्या 70 मिनिटांतला मोठा वेळ सॉफ्ट जॉ, म्हणजे नग धरणारे चकचे मऊ जबडे, नगाच्या मापाला कातून (बोअर करून) घेण्यात जातो. प्रत्येक जॉबचे जॉ नंबर टाकून वेगळे ठेवा. त्याच चकवर, त्याच सेरेशनला (जॉ बसतात त्या दात्यांना) बसवले तर हलका कट पुरतो. टूल, गेज, ड्रॉइंग जुनी बॅच चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवा. सेटिंग 30 मिनिटांवर आलं तर दिवसाला 40 नग जास्त, त्याच माणसाकडून. मुंबईजवळच्या कापड कारखान्यांवरचा एक अभ्यास 2013 साली छापून आला. तिथंही साठा, मेंटेनन्स, क्वालिटी यांच्या नोंदी नीट लावल्यावर पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्के वाढली होती.

आता पोरांचं. 25 मिमीचा शाफ्ट, स्मॉल एच7 टॉलरन्स (मापात चालणारा फरक): वरची हद्द 25.000, खालची 24.979. उन्हाळ्यात नग गरम गरम मायक्रोमीटरला लावला, 25.002 दिसला. पोरानं वेअर ऑफसेट (टूलच्या झिजेसाठी मशीनमध्ये भरायची दुरुस्ती) 20 मायक्रॉन, म्हणजे 0.020 मिमी, आत घेतला. पुढचा नग 24.982, पास. पण 20 अंशांनी तापलेलं 25 मिमी स्टील जवळपास 6 मायक्रॉन फुगलेलं असतं. गार झाल्यावर तो नग 24.976, स्क्रॅप. आणि पहिला? गार होऊन 24.996, म्हणजे ऑफसेटला हात लावायचं कामच नव्हतं.

आयटीआयला टर्नरची दोन वर्षं काढलेल्या पोराला हे समजावायला अर्धा तास लागतो. पण शिकवलं की शेजारचा हजार रुपये जास्त देऊन नेतो, म्हणून शिकवायचंच नाही. ठेकेदाराकडून माणसं बदलत राहायची. इंडो-जर्मन टूल रूमसारखी टूल बनवायचं शिकवणारी सरकारी संस्था असलेल्या शहरात ही गत!

निदान मशीनला एक वही लटकवा. मशीन थांबलं की वेळ आणि कारण ऑपरेटरनंच लिहायचं. फक्त त्या वहीवरून कुणाचा पगार कापू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ओळीत ‘लाईट गेली’ एवढंच सापडेल.